दिवसांची गणना आणि गर्भाची वाढ

मराठीत गर्भधारणेस ‘दिवस जाणे’ आणि प्रसूतिकाल समीप येण्यास ‘दिवस भरणे’ म्हणतात. दोन्ही वाक्प्रचार काळ मोजतात. गर्भाचा आकार त्यांत येत नाही. ‘नऊ महिने नऊ दिवस’ ही लोकप्रचलित मुदत चांद्रमासांनी सुमारे 275, तर इंग्रजी महिन्यांनी सुमारे 283 दिवसांची होते. वैद्यक शेवटच्या पाळीपासून 280 दिवस धरते.

महाराष्ट्रात सोनोग्राफीचा इतिहास बहुधा 1988 च्या लिंगनिदानविरोधी कायद्याच्या अनुषंगानेच सांगितला जातो. ते स्वाभाविकही आहे. परंतु त्यामुळे या यंत्राचे मूळ प्रसूतिशास्त्रीय कार्य दृष्टीआड होते. ग्लासगोच्या इयान डोनल्ड यांनी सहकाऱ्यांसह 1958 साली ध्वनिलहरींनी उदरपरीक्षा करण्यासंबंधीचा निबंध प्रसिद्ध केला. पुढे स्टुअर्ट कॅम्बेल यांनी गर्भाच्या डोक्याची रुंदी मोजण्याची रीत स्थिर केली आणि 1975 मध्ये पोटाच्या घेरावरून वजनाचा अंदाज बांधण्याची पद्धती मांडली. हे दुसरे माप अधिक बोलके होय. वारेतून पोषण अपुरे पडू लागले की गर्भ मेंदूचा रक्तपुरवठा राखतो. यकृतातील साठा मात्र घटतो, आणि डोके वाढत असतानाही पोटाचा घेर मागे पडतो.

तथापि प्रत्येक मापाला तारखेचा आधार लागतो. पहिल्या तिमाहीत सोनोग्राफीने ठरविलेले वय सुमारे आठवड्याच्या आत बरोबर येते. अखेरच्या तिमाहीत तीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. गर्भवाढीची आंतरराष्ट्रीय मानके 2014 साली प्रसिद्ध झाली, त्यांसाठी निवडलेल्या आठ ठिकाणांत नागपूर होते. त्या आठही ठिकाणी मिळून 4,607 स्त्रियांची नोंद घेताना शेवटच्या पाळीची खात्री आणि चौदा आठवड्यांपूर्वीचे माप, या दोहोंचा मेळ आवश्यक मानला होता.

पोलादपूरच्या घाटालगतच्या एखाद्या वाडीतील स्त्री आठव्या महिन्यात प्रथमच महाडला तपासणीस आली, तर बाळ लहान आहे की तारीख चुकली आहे, हे एका मापावरून ठरत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजावे लागते; घेर वाढला असेल तर शंका तारखेवर जाते, खुंटला असेल तर बाळावर. ही दुसरी खेप पावसाळ्यात आली तर? 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला. जुलै 2021 मध्ये खुद्द महाड पुराने वेढले गेले. पहिल्या तीन महिन्यांतील एक तपासणी हाती असली, तर त्या दुसऱ्या खेपेवर इतके अवलंबून राहावे लागत नाही.