लग्नाची चूल आणि नवरीचा हात

लग्नसराई तोंडावर आली आहे. घरात लग्न ठरलं की आधी तारीख आणि लगेच जेवणाचा विषय निघतो. किती पान उठणार? आचारी लावायचा की भावकीने मिळून करायचं? हल्ली यात आणखी एक प्रश्न ऐकू येतो. खुद्द नवरीच म्हणते, "माझ्या लग्नाचा स्वयंपाक मी आणि माझ्या मैत्रिणी करू, तेवढाच खर्च वाचेल." घरातल्या मोठ्या बायका कपाळाला हात लावतात. अंगाला हळद लागलेली पोर चुलीपुढे बसणार? आज आम्ही या प्रश्नाच्या मागचा इतिहास सांगणार आहोत, आणि तोही आमच्या पुण्याचा. आमचा गट शहरातल्या वस्तीतला असला, तरी निम्म्या जणी मुळशी, भोर, पुरंदरकडच्या आहेत. त्यामुळे गावची पंगतही आमच्या ओळखीची आणि शहरातलं मंगल कार्यालयही.

सुरुवात थाटाच्या लग्नाने करू. १७८३ साली पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचं लग्न झालं. नवरी थत्त्यांच्या घरची, नाव रमाबाई. सगळा कारभार नाना फडणीसांच्या हाती. लग्नाची व्यवस्था कशी ठेवायची याच्या त्यांनी बारकाईने याद्या करवल्या, आणि त्यात पंगतीचीही व्यवस्था होती. हे वाचताना आमच्या मनात एकच गोष्ट राहिली. नवरदेवाला नऊ वर्षंही पुरी झाली नव्हती आणि नवरी तर लहानगीच. त्या पोरीला जेवणात काय हवं, असं कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

म्हणूनच 'नवरीने स्वयंपाक करावा का' हा प्रश्न जुना नाही. शेकडो वर्षं नवरी पाटावर बसवलेली लहान मूल असायची. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय निदान १४ केलं. पुढे ते १५ झालं आणि १९७८ च्या दुरुस्तीने १८. कायदा आला म्हणून लगेच सगळीकडे पाळला गेला असं नाही, तुम्हीही आपापल्या गावात पाहिलं असेलच. पण आपल्या लग्नाबद्दल तोंड उघडून बोलणारी नवरी त्यानंतरच सगळीकडे दिसायला लागली.

मग रांधत कोण होतं? वरच्या जातींत सोवळ्यातले आचारी, बहुतेक पुरुष. चव हे एकच कारण त्यामागे नव्हतं. कुणाच्या हातचं कोण खाणार याचे नियम कडक होते आणि ब्राह्मण आचाऱ्याच्या हातचं सगळ्यांना चालायचं. गावात ज्या त्या जातीचे लोक आपापल्या लग्नात रांधायचे. गावकुसाबाहेरच्या माणसांची पंगत वेगळी आणि शेवटी, आणि त्यांच्या हातचं कुणी घ्यायचं नाही. चूल कुणाची, एवढ्यावरून माणसाची पायरी ठरायची.

आता आपल्या बायकांचं पाहा. लग्नाच्या जेवणात हंडा उतरवणारा, भट्टीपुढे उभा राहणारा पुरुष सगळ्यांना दिसतो. पण पंधरा दिवस आधीपासून धान्य निवडायचं, डाळ पाखडायची, मसाला कांडायचा, हळद दळायची, लापशीचा गहू भरडायचा, हे सगळं कुणी केलं? जात्याचा तर लग्नात मानच असतो. पाच सवाष्णी मिळून मुहूर्ताची हळद दळतात, घाणा भरतात, उखळ-मुसळाला आंब्याची पानं बांधतात. खरं काम होतं म्हणून त्याचा विधी झाला. गिरणी आली, काम गेलं, विधी तेवढा उरला. त्या दळण्याची मजुरी मात्र कुठल्याच लग्नाच्या हिशेबात लिहिलेली नसायची. आहेराची वही असायची, किराण्याची यादी असायची, पण बायकांच्या हातांचं पान कोरं.

रुखवत हाही याचाच एक भाग. आज रुखवतात प्लास्टिकची फुलं आणि थर्माकोलची घरं मांडतात. पण त्याचा मूळ जीव खाण्याच्या पदार्थांत होता. लाडू, करंज्या, चिरोटे, शेवया. मुलीच्या आणि तिच्या घरच्या बायकांच्या हातचं मांडायचं आणि वरपक्षाच्या बायकांनी ते बघायचं, चाखायचं. म्हणजे नवरीने आपल्या लग्नासाठी रांधायचं नाही असा काही सरसकट नियम नव्हता. परीक्षा म्हणून रांधायला लावत होतेच. तिच्या मर्जीने रांधणं तेवढं मान्य नव्हतं.

आता येऊ १८७३ सालाकडे. २४ सप्टेंबर १८७३ ला जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला. तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, समाजाच्या पद्धतीने पहिलं लग्न लागलं. नवरी राधा, सावित्रीबाईंची मैत्रीण बाजूबाई निंबणकर यांची मुलगी. नवरा सीताराम जबाजी आल्हाट. भटजी नाही, हुंडा नाही. आणि खर्च? पान-सुपारीचा. जो काही लागला तो सावित्रीबाईंनी स्वतः केला. पाहुणे आले, साक्षीला उभे राहिले, विडा घेऊन घरी गेले.

आम्हाला हे लग्न फार महत्त्वाचं वाटतं. भटजीला वगळलं एवढंच आपण शाळेत शिकतो, पण गावजेवणही वगळलं याकडे कुणी फारसं बघत नाही. जेवण नाही म्हणजे ब्राह्मण आचारी नाही, जातीची वेगळी पंगत नाही, सावकाराकडे जाणं नाही, आणि बायकांचं पंधरा दिवसांचं न मोजलेलं काम नाही. एका विड्याने एवढ्या गोष्टी टळल्या. हे सोपं मुळीच नव्हतं. जेवण न घालणाऱ्याला आजही लोक काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा तर भाऊबंद आणि भटजी दोघांचाही रोष पत्करून हे करावं लागलं.

सावकाराचं नाव निघालं आहे तर दीड वर्ष पुढे जाऊ. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले, सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. सरकारने चौकशीला मंडळ नेमलं. त्या वेळी साहेबलोकांत एक बोलणं नेहमीचं होतं, कुणबी लग्नात उधळतो म्हणून बुडतो. चौकशी मंडळाने मात्र आपल्या अहवालात लिहिलं की लग्नखर्चाला उगाच फार मोठं कारण बनवलं गेलं आहे. ऐपतीच्या मानाने तो जास्त असतो हे खरं, पण कर्जाचं मूळ क्वचितच तिथे असतं. मुळात सारा, व्याज, पडलेले भाव आणि दुष्काळ. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. लग्नावर खर्च केलात म्हणून गरीब राहिलात, असं बायकांना ऐकवणारे पुष्कळ भेटतात. खर्च कमी करावा हे आमचंही मत आहे, पण गरिबीचं सगळं खापर पुरणपोळीवर फोडू नका.

सावित्रीबाईंच्या घरातलं आणखी एक लग्न आहे आणि ते आमच्या विषयाला सगळ्यात जवळचं. ४ फेब्रुवारी १८८९ ला त्यांचा दत्तक मुलगा यशवंत याचं लग्न झालं. नवरी राधा, म्हणजे लक्ष्मी, हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांची मुलगी. या ग्यानोबांचं स्वतःचं लग्नही १८७४ साली सत्यशोधक पद्धतीने झालेलं. सावित्रीबाईंनी या मुलीला लग्नाआधीच आपल्या घरी राहायला आणलं, दोघांची ओळख व्हावी म्हणून. आणि तिला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून घरकाम त्या स्वतः करायच्या, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. मैत्रिणींनो, होणारी सून घरात आहे आणि होणारी सासू तिच्यासाठी चूल फुंकते आहे, तिच्या पुस्तकासाठी! रुखवताची परीक्षा घेणाऱ्या जगात हे घडत होतं.

त्याच काळात शहराच्या दुसऱ्या पेठांत काय चाललं होतं तेही ऐका. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये काही नामवंत मंडळी गेली. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं दिली. कुणी घेतला, कुणी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोश्यांनी ती नावं छापून आणली आणि गावात ग्रामण्य उभं राहिलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक, दोघांनाही या प्रकरणात प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एक कप चहा! मग लग्नाच्या अख्ख्या जेवणाची काय कथा. ११ मार्च १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्काराचा ठराव केला. वाळीत टाकणं म्हणजे पाणी आणि पंगत बंद. नवरी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली, पंचविशी ओलांडलेली, स्वतः विचार करून उभी राहिलेली. तिच्या हातचं कोण खाणार हाच त्या काळाचा सवाल होता.

पुढची शंभर वर्षं आम्ही झटकन ओलांडतो. वाडे गेले, मंगल कार्यालयं आली. लाकडाच्या भट्टीच्या जागी गॅस आला, पत्रावळीच्या जागी बुफे. जेवण 'ताटा'च्या दरावर ठरायला लागलं. यात फायदाही झाला. कार्यालयात कोण रांधतंय हे कुणी विचारत नाही, जातीचा तो जुना काच बराच सैल झाला. पुऱ्या लाटायला येणाऱ्या बायकांना रोज मिळायला लागला. कमी असेल, पण मिळायला लागला.

मग आला करोना. २०२० मध्ये लग्नाला ५० माणसं आणि एप्रिल २०२१ मध्ये तर २५ माणसं आणि दोन तास, मोडलं तर ५० हजार दंड. जी गोष्ट सांगून कुणी ऐकत नव्हतं ती एका आदेशाने झाली. आमच्या वस्तीत त्या वर्षी झालेली लग्नं घरच्या कढईवर झाली आणि नवरीसुद्धा पदर खोचून भाजी चिरायला बसली. कुणाचं काही अडलं नाही. पण बंदी उठली तशा याद्या पुन्हा वाढल्या.

आता आमच्या गटाची गोष्ट. यंदा एका सभासदाच्या मुलीचं लग्न आहे. मुलगी नोकरी करते आणि तिला कर्ज नको आहे. ती म्हणाली, मैत्रिणी आणि गटातल्या बायका मिळून सगळं रांधू. बैठकीत यावर दीड तास गेला. आमच्यात एकमत नव्हतं. काहींना हळदीची अडचण. ती आम्ही फार धरली नाही. हळद लागल्यावर मुलीने बसून राहावं यामागे निदान दोन दिवस तरी तिला विश्रांती मिळावी हा शहाणपणा असेल, तर तो घ्यावा. पण मग ती विश्रांती पंधरा जणींच्या पाठीवर का टाकायची, हा खरा प्रश्न निघाला.

म्हणून आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. दोनशे पान धरलं. साधारण वीस किलो तांदूळ. माणशी दोन लाडू म्हणजे चारशे. एक किलो बेसनात मध्यम आकाराचे पंचेचाळीस-पन्नास लाडू होतात, तेव्हा आठ-नऊ किलो बेसन. आठ जणी दोन दिवस राबल्या तर सोळा रोज. हे सोळा रोज लिहिल्याबरोबर 'स्वस्त' जेवण एकदम महाग दिसायला लागलं. एरवी ते पैसे वाचले असं आपण म्हणतो. वाचत नाहीत, बायका ते भरतात. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात शिजलेला भात आणि आमटी दुपार टळेपर्यंत टिकत नाही. त्यामुळे मुख्य स्वयंपाक लग्नाच्या दिवशी पहाटेच करावा लागतो, आणि त्या पहाटे नवरी चुलीपाशी थांबणार की अक्षता घ्यायला उभी राहणार?

शेवटी ठरलं ते असं. लाडू आणि चिवडा टिकाऊ, ते नवरी आणि मैत्रिणी चार दिवस आधी रविवारी करणार, कारण तिची तशी इच्छा आहे. लग्नाच्या दिवसाचा स्वयंपाक शेजारच्या वस्तीतल्या बचत गटाला, ठरलेल्या मजुरीवर. त्यांनी अन्न परवान्याची नोंदणी केली आहे, ती आम्ही आधी पाहिली. एकच गोड, एक भाजी, वरण-भात, पोळी, ताक. भात उतरवण्यापासून ताटं उचलण्यापर्यंतचं काम नवऱ्या मुलाच्या मित्रांना सांगितलं आहे, आणि तो तयार झाला आहे. माणसांची यादी मात्र दोनशेवरच अडली आहे. मामांकडची नावं अजून यायची आहेत.