ईएससीला 1000 ते 2000 हेच आकडे का कळतात?

खुलताबादहून बोलतोय. आजचा विषय ईएससी. म्हणजे ड्रोनच्या ब्रशलेस मोटारीचा वेग सांभाळणारी ती बोटाएवढी पट्टी. अर्डुइनोनं ती चालवायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. सगळीकडे तेच आकडे : 1000 मायक्रोसेकंदांचा पल्स म्हणजे बंद, 2000 म्हणजे फुल्ल, आणि हा पल्स दर 20 मिलिसेकंदांनी पाठवायचा. का बरं? सरळ शून्य ते शंभर का नाही?

आधी घराजवळचं एक उदाहरण घेतो. आमच्या गावात मलिक अंबरची कबर आहे. 1626 मध्ये तो वारला. शेजारच्या शहराला त्यानं नहरीचं पाणी दिलं, आणि पुढं 18 व्या शतकात त्याच शहरात पाणचक्की फिरू लागली. पाणचक्कीत जोर पाण्याचा आणि हुकूमही पाण्याचाच. धार कमी केली की चक्की मंद. ईएससीत हे दोन्ही वेगळे झालेत. जोर येतो बॅटरीच्या जाड तारांतून, हुकूम येतो एका बारीक तारेतून. अर्डुइनोची पिन जेमतेम 20 मिलिअँपिअर देते, मोटार सहज 20 अँपिअर ओढते. हजारपट फरक! म्हणून मध्ये ईएससी लागते.

आता तो हुकूम आला कुठून? रेडिओवर उडणाऱ्या खेळण्यातल्या विमानांतून. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डग स्प्रेंग आणि डॉन मॅथेस यांनी ‘डिजिकॉन’ नावाचा संच केला. अडचण अशी की रेडिओ एक, पण हलवायचं बरंच काही : शेपूट, पंख, इंजिन. मग पंगतीसारखी वाटणी रूढ झाली. वाढपी एका टोकापासून निघतो, प्रत्येकाच्या पानात एक ते दोन मिलिसेकंदांचा पल्स वाढतो, शेवटी जरा थांबतो आणि पुन्हा पहिल्या पानावर येतो. आठ पानं, प्रत्येकी जास्तीत जास्त दोन मिलिसेकंद, वर थोडी विश्रांती. झाले साधारण 20.

त्यातला एक पल्स इंजिनाच्या सर्वोला जायचा. सर्वो कार्ब्युरेटरची दांडी ओढायचा. पुढं इंजिनाच्या जागी विजेची मोटार आली, तेव्हा ईएससी त्याच सर्वोच्या खोबणीत बसवली गेली. रिसीव्हरला पत्ताच नाही की पलीकडं कोण बसलंय! तेव्हा ईएससीला सर्वोचीच भाषा शिकावी लागली.

खुद्द ब्रशलेस मोटारीची कल्पनाही त्याच काळातली. 1962 मध्ये विल्सन आणि ट्रिकी यांनी कार्बन ब्रशचं काम ट्रान्झिस्टरकडं देणारी मोटार मांडली. आजची ईएससी सहा मॉसफेटनी तीन तारांत आळीपाळीनं वीज सोडते. रोटर कुठं पोचला, हे ती रिकाम्या तारेत उमटणाऱ्या व्होल्टेजवरून ओळखते. मोटार थांबलेली असताना ते व्होल्टेज नसतंच, म्हणून पहिले काही धक्के आंधळेपणानं द्यावे लागतात. सुरुवातीला मोटार थरथरते ती त्यामुळं.

पण वारसा घेताना एक धोकाही आला. सर्वोला अर्धवट पल्स मिळाला तर दांडी मध्येच अडकते, बस्स. ईएससीला मिळाला तर पातं फिरतं, आणि पातं बोटं कापतं. म्हणून आधी किमान पल्स दिसल्याशिवाय ईएससी मोटार सुरूच करत नाही. याला आर्मिंग म्हणतात. कोडमध्ये आधी दोन-तीन सेकंद 1000 पाठवायचं ते यासाठी. नंतर ऐकू येणारी पीप-पीप मोटारच करते, तिच्यात स्पीकर नसतो. आणि हे आर्मिंग भरवशाचं असलं तरी टेबलावर कोड तपासताना पातं काढूनच ठेवा. अर्डुइनोचा आणि ईएससीचा ग्राउंड जोडा. अर्डुइनो यूएसबीवर असेल तर ईएससीची लाल तार मोकळी सोडा.

मग आले क्वाडकॉप्टर. ‘थ्री इडियट्स’मधला, 2009 चा, आठवतो ना? तो मुंबई आयआयटीतून निघालेल्या पोरांच्या आयडियाफोर्जनं बनवला होता. चार पात्यांचं यंत्र तोल सांभाळतं ते फक्त चार मोटारींचा वेग सतत कमी-जास्त करून. त्याला सेकंदाला 50 हुकूम फार थोडे. आणि इथं प्रत्येक ईएससीला मायक्रोकंट्रोलरपासून स्वतंत्र तार. पंगत उठलेली, तरी पाहुणा आपला वाढप्याची वाट बघतोय! 2010 च्या सुमारास अर्डुइनो आणि निन्टेंडो वीच्या रिमोटचा सेन्सर जोडून झालेल्या ‘मल्टिवी’नं तोच पल्स सेकंदाला 490 वेळा पाठवला. म्हणजे पल्सनंतर पल्स, मध्ये विश्रांती जवळजवळ नाहीच.

त्यानंतरच्या डीशॉटनं पल्सची रुंदी मोजणंच सोडलं. त्यात थेट आकडा जातो, सोबत चूक पकडायला चार बिट. शून्य म्हणजे थांब, 48 ते 2047 म्हणजे वेग. तरी बीटाफ्लाइटचा मोटार टॅब उघडून बघा. डीशॉट लावलेलं असलं, तरी त्या स्लायडरवर आकडे तेच, 1000 ते 2000.