हळदीचा रंग मेंदूच्या दारात

सांगलीची हळद पूर्वापार साठवली गेली ती हरिपूरच्या पेवांत. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या घट्ट मातीत तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस असे खोल खड्डे खणायचे, हळकुंडे भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. आत हवा खेळत नाही, त्यामुळे कीड लागत नाही. भाव चढेपर्यंत माल वर्षानुवर्षे तसाच राहतो. पेव उघडल्यावर मात्र लगेच कुणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा जीव घेऊ शकते. २००५च्या महापुराने यातली पुष्कळ पेवे निकामी केली. तरीही सांगलीच्या हळदीचा दबदबा टिकून आहे आणि २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

त्या हळकुंडातला पिवळा रंग वजनाच्या जेमतेम दोन ते पाच टक्के असतो. व्होगेल आणि पेल्तिए यांनी १८१५ मध्ये तो वेगळा काढून त्याला ‘कर्क्युमिन’ असे नाव दिले. त्याची रेणुरचना समजायला आणखी जवळजवळ शतक जावे लागले. १९१० मध्ये मिलोबेंद्झ्का, कोस्तानेत्स्की आणि लांपे या पोलिश रसायनशास्त्रज्ञांनी ती मांडली.

हा रंग मोठा हट्टी आहे. पाण्यात तो विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलात मात्र उतरतो. चुना लागताच लाल होतो, हे तर कुंकू करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. याच हळवेपणाची दुसरी बाजू १९९७ मध्ये प्रयोगशाळेत मोजली गेली. शरीराच्या तापमानाला, रक्ताच्या जवळपास जाणाऱ्या सौम्य अल्कधर्मी द्रावणात ठेवलेले कर्क्युमिन अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के विघटित झाले. पोटात गेलेल्यातले आतड्यातून फारसे शोषले जात नाही, आणि जे जाते त्याचे रूप यकृत भराभर बदलून टाकते.

मेंदूचा पहारा तर याहून कडक. त्याचा शोधही रंगांमुळेच लागला. १८८५ मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, तेव्हा जवळपास सारे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये उलटा प्रयोग केला. निळा रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडल्यावर मेंदू निळा झाला, बाकीचे शरीर नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये कसलीतरी भिंत आहे, हे त्यावरून उमगत गेले.

या भिंतीपलीकडे हळद नेण्याची ओढ लागली ती अल्झायमरमुळे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील ग्रेगरी कोल आणि सॅली फ्रॉची यांच्या गटाने २००१ मध्ये रोगी उंदरांना कर्क्युमिन चारले. मेंदूतला दाह आणि अमायलॉइड प्रथिनाचा साठा, दोन्ही कमी झाले. माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांनी मात्र निराशा केली. रक्तातच इतके थोडे सापडले, की मेंदूची गोष्टच दूर.

वाट दाखवली ती वेगळ्याच औषधाने. फ्रँकफर्टचे यॉर्ग क्रॉयटर यांनी १९९५ मध्ये डालार्जिन नावाचे वेदनाशामक अतिसूक्ष्म कणांवर बसवले आणि त्या कणांना पॉलिसॉर्बेट ८० चा मुलामा दिला. एरवी मेंदूत न पोहोचणाऱ्या या औषधाने उंदरांची वेदना कमी केली. मुलाम्यावर रक्तातले चरबीवाहक प्रथिन चिकटते आणि भिंतीच्या पेशी त्या कणाला ओळखीचा समजून आत घेतात, असे त्याचे स्पष्टीकरण पुढे मांडले गेले. अतिसूक्ष्म कणांचे मर्म या सोंगात आहे. नुसत्या लहान आकाराने हे काम झाले नसते.

मग हळदीची पाळी आली. २००७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स आणि दिल्ली विद्यापीठ यांच्या संशोधकांनी पॉलिमरच्या कणांत कोंडलेले ‘नॅनोकर्क्युमिन’ जाहीर केले. ते पाण्यात सहज पसरत होते, पण तेव्हा डोळ्यांसमोर कर्करोग होता. मेंदूसाठी महत्त्वाचे काम लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेत झाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या प्रयोगात विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरतात त्या पीएलजीए पॉलिमरच्या कणांतून उंदरांना कर्क्युमिन दिले गेले. अल्झायमरसारखी स्थिती निर्माण केलेल्या त्या उंदरांच्या मेंदूत नव्या चेतापेशी वाढल्या, स्मृती सुधारली, आणि सुट्या कर्क्युमिनपेक्षा हा परिणाम जास्त होता. हळदीवर आपला हक्क सांगताना नेहमी १९९७ मध्ये अमेरिकेत रद्द करवलेल्या पेटंटचा दाखला दिला जातो. तेवढ्याच अभिमानाने लखनौचे हे काम सांगायला हवे.

तरीही उंदीर म्हणजे माणूस नव्हे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॉस एंजेलिसच्या चाचणीत स्मृतिभ्रंश नसलेल्या ४० जणांना सूक्ष्म कणांचे कर्क्युमिन किंवा नुसती दिखाऊ गोळी दीड वर्ष देण्यात आली. कर्क्युमिन घेणाऱ्यांची स्मृती सुधारली, पण एवढ्याशा गटावरून औषध ठरत नाही. त्याआधीच्याच वर्षी काही औषध-रसायनतज्ज्ञांनी कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा परखड आढावा घेतला होता. हा रेणू अनेक चाचण्यांत फसवे निकाल देतो, असे त्यांनी बजावले. हे इशारे हळदीच्या चाहत्यांनी मनावर घ्यायलाच हवेत. शोषण वाढवलेल्या गोळ्या दुकानांत आधीच पोहोचल्या आहेत, आणि हळदीच्या गोळ्या घेऊन यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत झाल्या आहेत. त्यांतल्या काही गोळ्यांत शोषण वाढवण्यासाठी मिरीचा अर्क घातलेला होता.