मोहेंजोदडोचे महास्नानकुंड आणि दरजांचा प्रश्न

पाणी धरून ठेवण्यासाठी बांधलेल्या वास्तूत भिंतीपेक्षा भिंतीतील सांधा नेहमीच अधिक दुबळा असतो. भाजकी वीट ओल शोषते हे खरे. तथापि पाण्याला मोकळी वाट मिळते ती दोन पदार्थ जेथे एकमेकांस भेटतात तेथे. आजच्या न्हाणीघरात टबाची कड आणि भिंतीवरील टाइल यांमधील अरुंद फटीपुरता हा प्रश्न उरला असला, तरी बांधकामाच्या इतिहासात तो फार जुना आहे. सिंधु संस्कृतीच्या अभ्यासकास तर त्याचे विशेष महत्त्व वाटावयास हवे. त्या संस्कृतीची लिपी सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही. तेथील गवंड्यांना काय ठाऊक होते, याची साक्ष त्यांनी भरलेल्या दरजांतूनच काढावी लागते.

मोहेंजोदडोच्या उंच टेकाडावरील महास्नानकुंड सर जॉन मार्शल यांच्या देखरेखीखाली १९२५-२६ च्या उत्खननात उजेडात आले, आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्रिखंडात्मक अहवालात त्याचे सविस्तर वर्णन आले. कुंड सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व २.४ मीटर खोल आहे. काठोकाठ भरल्यास त्यात सुमारे २०० घनमीटर, म्हणजे २०० टन पाणी मावेल. तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ अडीच टनांचा भार येईल. एवढा भार पेलून पाणी न गळू देणे हे साध्या विटकामाचे काम नव्हे.

स्थपतींनी केलेली योजना अशी : तळाच्या विटा उभ्या कडेवर, एकमेकींस घट्ट भिडवून, जिप्समच्या गिलाव्यात बसविल्या. बाजूच्या भिंतींच्या दर्शनी विटाही त्याच रीतीने सांधल्या. या दर्शनी भिंतीच्या मागे सुमारे एक इंच जाडीचा नैसर्गिक डांबराचा थर दिला. त्या थरामागे विटांची दुसरी भिंत, तिच्यामागे कच्च्या विटांचा भराव, आणि सर्वांत बाहेर पुन्हा भाजक्या विटांची भिंत. कुंडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पाणी सोडून देण्याचे द्वार असून ते एका उंच, विटांचे थर पुढे सारीत छत घातलेल्या गटारात उघडते.

पाठ्यपुस्तकांतून या डांबराचा उल्लेख ‘प्रगत जलाभेद्य बांधकाम’ एवढ्यावरच आटोपतो. खरा विचारणीय मुद्दा डांबर वापरले हा नसून ते कोठे घातले हा आहे. मेसोपोटेमियात भाजक्या विटा डांबरातच बसविण्याची रीत होती. तेथे डांबर हाच सांधा होता. मोहेंजोदडोच्या कुंडाच्या भिंतींत मात्र सांधा जिप्समचा आणि डांबर त्याच्या पाठीशी. जिप्सम पाण्यात अल्प प्रमाणात विरघळते, लिटरमागे सुमारे दोन ग्रॅम. हे प्रमाण किरकोळ भासते. पण पाणी वारंवार बदलणाऱ्या कुंडात अशा दरजा कालांतराने झिजणारच. ज्यांनी जिप्समच्या मागे डांबर घातले, त्यांना दर्शनी सांध्याचा भरवसा नव्हता, असेच अनुमान काढावे लागते. उलट डांबर दर्शनी बाजूस दिले असते तर सिंधच्या उन्हात ते मऊ होऊन ओघळले असते आणि स्नान करणाऱ्याच्या अंगास चिकटले असते. दोन भिंतींच्या कैचीत ते सावलीत राहिले व जागचे हलू शकले नाही. दर्शनी सांध्याने पाण्याचा वेग तोडावा आणि निसटलेली ओल मागील थराने अडवावी, अशी ही कामाची विभागणी आहे. तिची किंमतही स्थपतींनी मोजली : आतला थर बिघडल्यास दर्शनी भिंत उकलल्याखेरीज दुरुस्ती अशक्य. हे कुंड धार्मिक विधीसाठी होते असे मानणाऱ्या विद्वानांना एकदाच परंतु भरभक्कम केलेल्या या खर्चाचा आधार मिळतो. तो निर्णायक मात्र म्हणता येणार नाही.

सह्याद्रीतील लेण्यांत हा प्रश्न निराळ्या प्रकारे टाळला गेला. कान्हेरी व जुन्नर येथील शिलालेखांत ‘पोढी’ म्हणून उल्लेखिलेली टाकी अखंड खडकात खोदलेली असल्याने तेथे दरजच नाही. बांधीव कुंडास ही सोय नसते.

रोमन स्थपतींनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी सांध्याचा पदार्थच बदलला. चुन्यात कुटलेल्या खापऱ्यांची भुकटी, म्हणजे आपल्याकडील सुरखीच, मिसळली की तो चुना पाण्यातही घट्ट होतो व विरघळत नाही. शिवाय टाक्यांत व स्नानगृहांत तळ आणि भिंत जेथे काटकोनात मिळतात तेथे ते याच मिश्रणाचा गोलाकार वाटा काढीत. गच्ची व कठडा यांच्या सांध्यावर गवंडी आजही असाच वाटा काढतो. या उपायाची मर्यादा एकच : पक्का सांधा हालचाल सोसत नाही.

विसाव्या शतकात नेमकी हीच मर्यादा उघडी पडली. पायांवर उभा असणारा ओतीव लोखंडाचा टब भिंतीस चिकटलेला नसे. १९१० नंतर अमेरिकेत भिंतीत बसविलेले टब प्रचारात आले आणि टब व टाइल यांचा सांधा जन्मास आला. त्यात सिमेंट भरले तर ते तडकते, कारण १५० लिटर पाणी आणि एक माणूस यांच्या भाराने टब किंचित खाली बसतो, भिंत मात्र जागीच राहते. १९४० च्या दशकात सिलिकोनचे औद्योगिक उत्पादन सुरू झाल्यावर ताणला जाणारा सांधा हाती आला. जाणता कारागीर आधी टब पाण्याने भरतो, फट पूर्ण उघडली की ती सिलिकोनने भरतो आणि ते घट्ट होईपर्यंत पाणी सोडीत नाही. परंतु सिलिकोनही काही वर्षांनी कडेपासून सुटते. म्हणून टाइलच्या पाठीमागे निराळा जलरोधक पडदा देण्याची पद्धत आहे; अमेरिकेत गेल्या शतकाच्या मध्यास हा पडदा पुष्कळदा डांबर पाजलेल्या कागदाचा असे.