फुकट, विकत आणि पुन्हा खुले : आयबीएम आणि लिनक्स

१/ २००१ सालच्या एप्रिल महिन्यात सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो येथील पदपथांवर तीन चिन्हे रंगवलेली आढळली : शांतीचे चिन्ह, हृदय आणि पेंग्विन. रंगवणारे कोणी बंडखोर विद्यार्थी नव्हते. ती आयबीएमची जाहिरात होती आणि पेंग्विन हे लिनक्सचे बोधचिन्ह होते. सॅन फ्रान्सिस्को शहराने कंपनीला दंड ठोठावला.

२/ लिनक्स आयबीएमच्या मालकीचे नव्हते. ते कोणत्याच कंपनीच्या मालकीचे नव्हते. मग अशा आज्ञावलीच्या प्रचारावर एका बलाढ्य कंपनीने पैसा का ओतावा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९५५ पर्यंत मागे जावे लागते.

३/ त्या काळी सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू नव्हती. यंत्र भाड्याने मिळे, आज्ञावल्या त्यासोबत येत आणि बहुधा त्यांचा सोर्स कोडही मिळे. १९५५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातील आयबीएम ७०१ यंत्राच्या ग्राहकांनी ‘शेअर’ नावाची संघटना स्थापन केली. सभासद परस्परांना आज्ञावल्या देत. तेच काम प्रत्येकाने नव्याने करणे परवडणारे नव्हते. ही देवाणघेवाण तत्त्वातून नव्हे, काटकसरीतून जन्मली.

४/ जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने आयबीएमवर मक्तेदारीविरोधी खटला दाखल केला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात सॉफ्टवेअर व सेवांचे दर यंत्रापासून वेगळे करण्याची घोषणा आयबीएमने केली. यात खटल्याचा दबाव किती आणि वाढत्या खर्चाचे गणित किती, याविषयी मतभेद आहेत. परिणाम मात्र स्पष्ट आहे : सॉफ्टवेअरला स्वतःची बाजारपेठ मिळाली.

५/ १९८३ मध्ये पुढचे पाऊल पडले. यापुढे नव्या आज्ञावल्या केवळ ‘ऑब्जेक्ट कोड’च्या रूपात मिळतील, असे आयबीएमने जाहीर केले. सोर्स कोड माणसाला वाचता व बदलता येतो. ऑब्जेक्ट कोड यंत्रासाठी असतो. आपल्या गरजेनुसार आज्ञावलीत फेरफार करण्याची सवय असलेल्या ग्राहकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली.

६/ त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. या दोन घटनांत थेट कार्यकारणसंबंध जोडू नये. स्टॉलमन यांचा असंतोष एमआयटीतील अनुभवांतून आला होता. तथापि, दोन्हींच्या मागे एकच बदल होता. उघडा असलेला कोड सर्वत्र बंद होत चालला होता.

७/ १९८९ मध्ये स्टॉलमन यांनी जीपीएल हा परवाना सिद्ध केला. त्याचे सूत्र असे : आज्ञावली वापरा, बदला, विकाही; परंतु ज्याला ती द्याल त्याला तिचा सोर्स कोड आणि हेच हक्कही द्या. हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स पुढील वर्षी याच परवान्याखाली आले.

८/ इकडे आयबीएम कोसळण्याच्या बेतात होती. १९९२ मध्ये सुमारे ५ अब्ज आणि १९९३ मध्ये सुमारे ८ अब्ज डॉलरचा तोटा झाला. एप्रिल १९९३ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या लुई गर्स्टनर यांनी सेवा-व्यवसायावर भर दिला. पण एक जुने दुखणे कायम होते. कंपनीच्या यंत्रांच्या प्रत्येक मालिकेची ऑपरेटिंग सिस्टिम निराळी होती.

९/ पहिला प्रयोग लिनक्सवर नव्हे, अपाचे या वेब सर्व्हरवर झाला. आयबीएमचा स्वतःचा वेब सर्व्हर स्पर्धेत मागे पडला होता. जून १९९८ मध्ये तिने अपाचे स्वीकारले आणि त्याच्या विकासात हातभार लावण्याचे मान्य केले. अडचण अशी की अपाचे गट ही नोंदणीकृत संस्थाच नव्हती. मग करार कोणाशी करायचा? १९९९ मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले.

१०/ १९९९ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीतील बोब्लिंगेन येथील आयबीएमच्या अभियंत्यांचे काम प्रसिद्ध झाले : लिनक्स आता कंपनीच्या मेनफ्रेमवर चालू लागले. वर्षभराने, डिसेंबर २००० मध्ये, पुढील वर्षी लिनक्सवर १ अब्ज डॉलर खर्च करू, असे गर्स्टनर यांनी जाहीर केले.

११/ याला दानधर्म म्हणता येणार नाही. सन आणि मायक्रोसॉफ्ट हे प्रतिस्पर्धी आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बळावर उभे होते. जी पातळी सर्वांना फुकट मिळते, तिच्यावर प्रतिस्पर्ध्याला नफा मिळवणे अवघड होते. आयबीएमची कमाई यंत्रे, सेवा आणि डीबी२ किंवा वेबस्फिअर यांसारख्या वरच्या थरातील उत्पादनांतून होती. ती उत्पादने आणि मेनफ्रेमची मूळ सिस्टिम तिने खुली केली नाही.

१२/ खरी कसोटी २००३ मध्ये लागली. युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घुसवल्याचा आरोप करत एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला. मागणी आरंभी १ अब्ज डॉलरची होती. पुढे ती अनेक पटींनी वाढली. आयबीएम माघार न घेता लढली. २०१० मध्ये युनिक्सचे स्वामित्व हक्क एससीओचे नसून नॉव्हेलचे आहेत, असा कौल ज्यूरीने दिला. हा दावा २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरच्या तडजोडीवर मिटला. एकट्या स्वयंसेवकाला अशी अठरा वर्षे झेपली असती का?

१३/ दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २००५ मध्ये आयबीएमने ५०० पेटंट मुक्त-स्रोत प्रकल्पांविरुद्ध न वापरण्याचे वचन दिले. २०१० मध्ये मेनफ्रेमची नक्कल करणाऱ्या मुक्त आज्ञावलीवर व्यवसाय करू पाहणाऱ्या टर्बोहर्क्युलिस या फ्रेंच कंपनीला तिने पेटंटांची यादी पाठवली. त्या यादीत वचन दिलेल्यांपैकी दोन पेटंट निघाली. वचन कायम असल्याचा खुलासा कंपनीने केला. तरी मेनफ्रेमला धक्का लागताच सूर बदलतो, हे सर्वांना दिसले.

१४/ जुलै २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला रेड हॅट विकत घेतली. या नावाशी मराठीचा जुना संबंध आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवलेले ‘लोहित’ फाँट रेड हॅटने जीपीएलखाली खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. लिनक्सच्या पडद्यावर देवनागरी वाचणाऱ्या अनेकांची पहिली ओळख याच अक्षरांशी झाली.

१५/ डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने सेंटओएस ८ या फुकट प्रणालीची मुदत २०२९ वरून २०२१ च्या अखेरीवर आणली. जून २०२३ मध्ये आपल्या मुख्य प्रणालीचा नेमका सोर्स कोड सर्वांसाठी प्रसिद्ध करणे थांबवले. तो ग्राहकांना मिळत राहिला. परवान्याच्या अक्षराचे पालन झाले, पण भावनेचे काय, यावर वाद पेटला. मात्र दरम्यान अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभ्या राहिल्या होत्या. बाहेर आलेला कोड पुन्हा कुलूपबंद करता येत नाही.

१६/ १९५५, १९६९, १९८३, २०००, २०२३ : एकाच कंपनीने कधी दार उघडले, कधी लावून घेतले. प्रत्येक वेळी निर्णय हिशेबाने झाला. म्हणून ‘ही कंपनी मुक्त-स्रोताची मित्र की शत्रू?’ हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने बाजूला ठेवावा. कोणता थर खुला केला, कोणता राखून ठेवला आणि कोड कोणत्या परवान्याखाली दिला, हे विचारावे. कंपनीचे औदार्य पुढच्या ताळेबंदापर्यंत टिकते. जीपीएलखाली एकदा दिलेले हक्क त्यानंतरही टिकतात.

(समाप्त)