रोसियूचा चौक

लिस्बन येथील रोसियू चौकात नाट्यगृहासमोर मी उभा होतो. १८४६ साली उघडलेल्या या नाट्यगृहाच्या जागी पूर्वी एस्ताउश राजवाडा होता. इन्क्विझिशनचे लिस्बनचे न्यायासन तेथेच बसे. १५६० साली गोव्यात स्थापन झालेले न्यायासन हे त्याचेच भावंड. आमची देवळे पडली ती राजाज्ञेने; इन्क्विझिशनचा मुख्य रोख बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या घरी उरलेल्या जुन्या चालीरीतींवर असे. हा भेद ध्यानी ठेवला पाहिजे. परंतु जेथे साक्षीदाराचे नावही आरोपीस कळू देत नसत, त्यास न्यायासन म्हणताना वकिलाची जीभ अडखळते.

चौकालगतच सां दोमिंगूशचे चर्च आहे. १५०६ च्या एप्रिलात तेथून उसळलेल्या दंग्यात, सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची भीषण कत्तल झाली. २००८ साली त्यांच्या स्मरणार्थ तेथे शिळा बसविण्यात आली. पाचशे वर्षांनी का होईना, नगराने आपले पाप दगडावर कोरून घेतले. जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनचा वाडा तर केव्हाच नामशेष झाला. तेव्हा देव उराशी धरून नदी ओलांडणाऱ्यांच्या वंशजांनी तरी हा इतिहास सूडबुद्धीविना, परंतु नेमकेपणाने सांगत राहावे.