आधी आपला दंड



दोंडाईच्याच्या मिरचीबाजारात उभा जन्म काढलेला एखादा वृद्ध गृहस्थ एके दिवशी घरची वाट विसरतो, तेव्हा 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण सोडून देतो. परंतु हे नुसते वार्धक्य नव्हे. हा मेंदूचा रोग असू शकतो. त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार जर्मन वैद्य आल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम मांडला. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अलीकडचा अंदाज आहे. औषध शोधावयाचे तर ते शेवटी माणसांवरच पारखावे लागते, आणि प्रयोग म्हटला की माणसे बिचकतात. ती पुढे यावीत कशी, याचे उत्तर आम्हांस आपल्याच प्रांताच्या इतिहासात सापडते.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग फुटला, तेव्हा सुमारे निम्मे कैदी लस घेण्यास पुढे आले. न घेतलेल्यांत बारा जणांना रोग झाला व सहा दगावले. घेतलेल्यांत, टोचणीच्या दिवशीच ज्यांना रोग जडलेला होता ते वगळता, दोघे आजारी पडले व दोघेही वाचले. पुढे आगाखानांनी स्वतः टोचून घेऊन आपल्या खोजा अनुयायांची भीती घालविली.

त्याच वर्षी पुण्यात काय घडले? सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, रोगी ओढून नेले. हेतू रोग हटविण्याचाच होता; पण सक्तीने विश्वास मेला, आणि २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली.

मुंबईचे उदाहरणही निर्दोष नव्हे. बंदिवानाच्या होकाराला खरा होकार म्हणावे काय? शिवाय १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी दूषित लशीने एकोणीस जण धनुर्वाताने गेले. हाफकिन निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडले. विश्वास मिळविणे कठीण, गमाविणे सोपे!

स्मृतिभ्रंशात आणखी एक पेच आहे. ज्या बुद्धीने होकार द्यावयाचा, तीच ओसरत असते. म्हणून निर्णय शुद्ध असतानाच घ्यावा. अमेरिकेत १९८६ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात ६७८ वृद्ध जोगिणींनी वेळोवेळी स्मरणशक्तीची परीक्षा देण्याचे व मृत्यूनंतर मेंदू देण्याचे मान्य केले. त्यांतील कित्येकींना रोग नव्हता. निरोगी माणसाचीही अभ्यासाला तितकीच गरज असते.

आपल्याकडे २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रयोगास नीतिसमितीची मान्यता लागते. समजावून घेतलेली लेखी संमती आवश्यक असते, केव्हाही माघार घेता येते, आणि प्रयोगामुळे इजा झाल्यास भरपाई मिळते. तेव्हा कोणी विचारण्यास आला, तर घाबरून दार लावू नये आणि भिडेने सहीही करू नये. हेतू काय, धोका कोणता, माघार घेता येईल ना, हे घरच्यांसमवेत बसून विचारावे. आणि स्वयंसेवक मागणाऱ्या वैद्यांनीही हाफकिनचा तो दंड विसरू नये. दुसऱ्याच्या दंडावर सुई ठेवण्यापूर्वी त्यांनी आपला पुढे केला होता.